मळवलीला न उतरलेली पुस्तकं

भाऊ,

यंदा मळवलीला पुस्तकं उतरली नाहीत. घोरावाडीच्या कंपाउंडरनी ती नेहमीसारखी वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून शटलच्या खिडकीतून आमच्या ह्यांच्या हातात दिली. कामशेतला मी ती वाचली. आणि मग पुढे कुणाला द्यायची, असा प्रश्न आला. पोस्टमास्तरांचा निरोप होता, सरळ लोणावळ्याला आणा. बरोबरच आहे त्यांचं. मीच गठ्ठा घेऊन निघाले. मळवलीला गाडी थांबली तेव्हा मी मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसले होते, कारण तुमची सिग्नलची केबिन अलीकडच्या बाजूला येते. गाडी सुटेपर्यंत मी सुतळीची गाठ सोडत आणि बांधत होते.

तुम्हाला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत. लोक मला भेटायला येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि मी खाली मान घालून ऐकते. त्यांना वाटतं, बाईंना फार दुःख झालंय. झालंय, भाऊ. पण त्याच्याआधी लाज वाटते. चहाचा कप हातात धरला तरी वाटते, वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले तरी वाटते. तुमच्याशिवाय ही गोष्ट कुणाला सांगायची तेही कळत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते आहे. ऐकून घ्या. मध्येच उठून गाडी पकडायची घाई आता तुम्हाला नाही.

तुम्ही मला या मंडळात आणलंत. कामशेत स्टेशनच्या बाकावर मी गाडीची वाट बघत वाचत बसले होते. नवीन नोकरी, नवीन लग्न, आणि डोक्यावरचा पदर सांभाळत वाचायची सवय. तुम्ही समोर येऊन उभे राहिलात आणि विचारलंत, "बाई, शेवट वाचला का आधी?" मी म्हटलं, शेवट आधी कसा वाचायचा? तर तुम्ही म्हणालात, "गाडी कुटं जायची ते ठाऊक असल्याबिगर डब्यात बसायचं व्हय?" जन्मभर सिग्नलचे दांडे ओढलेला माणूस दुसरं काय बोलणार! त्या दिवशी सुरू झालेलं आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तुम्ही दरेक पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचात आणि मी दरेक वेळी चिडायचे.

मग तुम्ही मंडळाबद्दल सांगितलंत. मंडळ कसलं, रेल्वेच्या एका रुळावरची पाच माणसं. घोरावाडीचे कंपाउंडर, लोणावळ्याचे निवृत्त पोस्टमास्तर, खंडाळ्याला एका बंगल्याची व्यवस्था बघणाऱ्या काकू, मळवलीचे तुम्ही, आणि कामशेतची जागा रिकामी होती. उन्हाळा लागला की प्रत्येकाने एक पुस्तक सुचवायचं. प्रत एकच. ती घोरावाडीहून निघायची आणि एकेक स्टेशन करत घाटाच्या तोंडापर्यंत चढायची. मेच्या शेवटच्या रविवारी पोस्टमास्तरांच्या ओसरीवर सगळ्यांनी जमून आपापलं मत सांगायचं. बोलायची सुरुवात मात्र वरून व्हायची, खंडाळ्यापासून. ज्याने शेवटी वाचलं त्याला ताजं आठवतं, असा पोस्टमास्तरांचा हिशेब. त्या हिशेबाने आपल्या दोघांचं काय केलं, ते त्यांना कधी समजलं नाही.

वाचायला मी तुमच्या आधी, बोलायला तुम्ही माझ्या आधी.

मला आवडलेल्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायची सवय होती. पहिल्या वर्षी ओसरीवर माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या वस्तीतून अशा ओसरीवर बसलेली मी पहिलीच. छपन्न साली आम्ही धर्म बदलला तेव्हा मी शाळेत होते. भीती तेव्हा टाकून दिली असं मी सगळ्यांना सांगायचे, पण त्या ओसरीवर पाय पोटाशी घेऊन बसले होते. तेव्हा तुम्हीच मध्ये पडलात. "बाईंनी खुना केल्यात पुस्तकात. त्या बघा. त्यात सगळं आलं." आणि माझे ठिपके तुम्ही एकेक करून वाचून दाखवलेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. परतीच्या गाडीत मी रडले, आणि ते रडणं उपकाराचं होतं.

दुसऱ्या वर्षीपासून तुम्ही "बाईंच्या खुना" म्हणणं सोडून दिलंत. ठिपके तेच, जागा त्याच, मत तुमचं. तुम्ही झकास बोलायचात, भाऊ, ते नाकारत नाही. मी ज्या वाक्यावर अर्धी रात्र अडखळले, ते तुमच्या तोंडून असं सहज यायचं की काकू टाळी द्यायच्या. मग माझी पाळी. मी काय सांगणार? "भाऊंनी म्हटलं तेच," एवढं बोलून मी खाली बसायचे. दरवर्षी. पुढे पुढे माझी पाळी आली की कंपाउंडरच म्हणायचे, "भाऊंनी म्हटलं तेच!" आणि सगळे हसायचे. बाई बिचाऱ्या भाऊंची री ओढतात, असं माझं नाव झालं. मी हसायचे आणि आत अंगाचा तिळपापड व्हायचा.

ठिपके देणं बंद का केलं नाही, असं मी आता स्वतःला विचारते. उत्तर सोपं आहे. माझं मत त्या ओसरीवर पोचत होतं, ते टाळी घेत होतं, आणि ते आपल्या तोंडाने सांगायचं धैर्य मला नव्हतं. तुमचा राग यायचा आणि तुमच्याशिवाय चालायचंही नाही.

राग यायला आणखी एक कारण होतं. बाकीच्यांची पुस्तकं खिडकीतून खिडकीत जायची. तुम्ही मात्र गठ्ठा न्यायला स्वतः कामशेतला उतरून आमच्या घरी यायचात. आमच्या घरी मंडळातलं दुसरं कुणी यायचं नाही. काकू एकदा आल्या होत्या, तर त्यांना नेमका उपास निघाला. पोस्टमास्तर दारातच घड्याळ बघायचे. तुम्ही सरळ आत येऊन सासूबाईंच्या घोंगडीवर बसायचात आणि त्यांना म्हणायचात, "मावशी, गूळ जरा जास्त टाका." हे मी विसरले नाही. विसरले नाही, आणि तरी पुढचं केलं.

तुम्ही यायचात आणि काहीतरी विसरून जायचात. कधी छत्री, कधी चष्म्याचं घर, कधी टोपी. स्टेशनापर्यंत जाऊन परत यायचात, तोवर तुमची गाडी सुटलेली असायची, मग पुढची येईपर्यंत बसायचात. माझ्या वह्या तपासायच्या राहायच्या, भाजी करपायची. सासूबाईंचं काही बिघडत नव्हतं. तुम्ही दाराबाहेर पडलात की त्या म्हणायच्या, "चहाचं आदन उतरवू नगंस. छत्री ऱ्हायलीया. येतील माघारी." मी चिडून म्हणायचे, मग हाक मारून द्यायची ना! त्या चुलीत लाकूड सारायच्या.

शेवटी मी बंदोबस्त केला. तुम्ही काही विसरलात की मी ते आमच्या ह्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकायचे. त्यांची तेव्हा लोणावळ्याला रोजची फेरी असायची, जाता जाता ते मळवलीला खिडकीतून तुमच्या हातात द्यायचे. तुम्हाला मी तोंडावर सांगितलं, "भाऊ, परत येऊ नका. उगाच हेलपाटा. हे पोचवतील." तुम्ही म्हणालात, "बरं झालं. सोय झाली." मला वाटलं, म्हातारा खूश झाला.

आता गेल्या वर्षीचं सांगते.

पोस्टमास्तरांनी सुचवलेली ती जाडजूड कादंबरी आठवते ना? तालुक्याच्या गावातलं घर, दोन भावांची वाटणी, कोर्टकचेरी. त्यात एक जागा अशी होती की मी पुस्तक मिटून बसले. बहीण कोर्टाबाहेर उभी आहे आणि दोन्ही भाऊ तिच्याकडे न बघता तिच्या दोन बाजूंनी निघून जातात. माझी पेन्सिल समासापर्यंत गेली आणि थांबली. हेही आता भाऊ बोलणार, मी मनात म्हटलं. आणि मी तिथे ठिपका दिला नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला तुमची जिरवायची होती. त्या कादंबरीत मधेच चार पानं अशी होती की लेखकाला डुलकी लागली असावी. त्या भावांचा म्हातारा बाप मंडईत जातो, वांगी घेतो, घरी येतो, कोथिंबीर राहिली म्हणून परत जातो, भाजीवालीशी बोलतो, घरी येतो, तर मिरच्या राहिल्या. पुन्हा मंडई. मी त्या चार पानांवर ओळीओळीला ठिपके दिले. चांगले दाबून दिले. देताना मला हसू येत होतं. कामशेतला तुम्ही गठ्ठा न्यायला आलात तेव्हा मी तुमच्या चहात न सांगता जास्त गूळ घातला.

ओसरीवर काकू बोलल्या, पोस्टमास्तर बोलले, आणि तुम्ही सरसावून बसलात. "ह्या पुस्तकात सगळ्यात भारी जागा म्हंजी कोथिंबीर," तुम्ही म्हणालात.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पोस्टमास्तर म्हणाले, "भाऊ, कादंबरीवर बोला, मंडईवर नको." तुम्ही हसणं थांबायची वाट बघितलीत. सिग्नल मिळेपर्यंत उभ्या गाडीत बसावं तसे शांत बसला होतात.

"हसा की," तुम्ही म्हणालात. "म्या ती पानं तीनदा वाचली. आधी मलाबी वाटलं, काय हे येडं लिवलंय. पन तो म्हातारा इसरतोय कुटं? त्याला परत जायचंय. घर भरल्यालं हाय, पन त्याच्याशी कुनी बोलत न्हाई. भाजीवाली इचारती, काय बाबा, आता काय ऱ्हायलं? एवढं इचारायला तरी मानसाला कुनी पायजे का न्हाई?"

तेव्हा कंपाउंडर म्हणाले, "भाऊ, कोथिंबीर वर फुकट मिळते म्हणून जातो हो तो!" आणि ओसरी दणाणली. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. तुम्ही पुस्तकाच्या समासाकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि मग पुस्तक मिटून माझ्यापुढे सरकवलंत.

मी उठून उभी राहिले. "या वेळी माझं मत वेगळं आहे," मी म्हटलं, आणि कोर्टाबाहेरच्या त्या बहिणीवर बोलले. कधी नव्हे ती बोलले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, इतकी वर्षं हे कुठे दडवून ठेवलं होतंत?" मला इतका आनंद झाला की परतीच्या गाडीत तुम्ही समोर बसून म्हणालात, "आज झकास बोललात बाई. मी वाटच बघत हुतो, कधी बोलतायसा," तेव्हा मला तो टोमणाच वाटला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मळवलीला तुम्ही उतरलात, हात केलात. मी हात केला की नाही, आठवत नाही.

त्यानंतर मंडळात तुमचं नाव कोथिंबीर भाऊ पडलं. तुम्ही ते नाव हसत घेतलंत. दिवाळीनंतर एकदा आमच्या दारात उभे राहिलात तेव्हा हातात हिरवीगार जुडी होती. "घ्या बाई. ह्या टायमाला इसरलो न्हाई." सासूबाई खूश. मी मात्र जुडी घेताना तुमच्याकडे बघू शकले नाही. चहा पिताना तुम्ही अगदी सहज विचारलंत, "त्या कोथिंबिरीवर लय दाट खुना केल्या हुत्या तुमी."

तेव्हा सांगायला हवं होतं, भाऊ. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात, मला चार शब्द सुनावले असतेत आणि गूळ मागून घेतला असतात. मी म्हटलं, "आवडलं म्हणून केल्या."

"मग बरं," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं मी एकलाच हाय. आपलं एकमत झालं तर."

तुम्ही मला सुटायला वाट देत होतात, की खरंच समाधानाने बोलत होतात? मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही तर शेवट आधी वाचणारे. तुम्हाला ठाऊक असणार.

होळीच्या सुमारास तुम्ही शेवटचे आलात. यंदा कोणतं पुस्तक सुचवायचं यावर वाद घातलात, मला शेवटचं पान वाचून दाखवायची धमकी दिलीत आणि निघालात. ज्या कापडी पिशवीतून तुम्ही पुस्तकं नेत होतात, ती घोंगडीवर राहिली. सासूबाईंनी आदन उतरवलं नाही. तुम्ही आला नाहीत. का येणार? परत येऊ नका, असं मीच सांगितलं होतं. आणि ह्यांची बदली तळेगावला झाल्यामुळे त्यांची मळवलीवरून जाणारी फेरी बंद झाली होती. पिशवीच तर आहे, म्हणून मी ती खुंटीला अडकवली. आज देऊ, उद्या देऊ. दर वेळी दारावर सावली पडली की सासूबाई विचारायच्या, "भाऊ आलं का?" आणि एके दिवशी कंपाउंडरनी शटलच्या खिडकीतून पुस्तकांऐवजी तुमची बातमी दिली. झोपेतच गेलात म्हणे. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. दुपारपर्यंत कुणाला विचारायचं कारण पडलं नव्हतं, भाऊ.

तुमची मुलगी जुन्नरहून आली होती. तिने मला ओळखलं. "तुम्हीच बाई का? आबा सारखं तुमच्याकडं जातोय म्हणायचे." मी तिच्यासमोर उभी राहू शकले नाही. पाणी आणते म्हणून मागच्या दाराने बाहेर गेले.

ती कादंबरी मी पोस्टमास्तरांकडून पुन्हा मागून आणली. ठिपके तसेच आहेत. ती चार पानं मी ठिपक्यांकडे न बघता वाचली. भाजीवाली दर वेळी तोच प्रश्न विचारते. मी म्हणत होते, लेखक पेंगला आहे, आणि तो म्हातारा मात्र माझ्या घरी घोंगडीवर बसून चहा पीत होता. माझ्या सगळ्या खऱ्या खुणांवर तुम्ही माझंच मत बोललात. आणि माझ्या एकुलत्या एका खोट्या खुणेवर तुम्ही स्वतःचं मत सांगितलंत, मन उघडं करून सांगितलंत, त्या दिवशी मी हसले.

परवाच्या रविवारी ओसरीवर तुमची जागा कुणी घेतली नाही. काकू म्हणाल्या, भाऊ किती गमतीदार होते. कंपाउंडर म्हणाले, कोथिंबिरीशिवाय यंदा चव नाही. सगळे हळवं हसले. पोस्टमास्तरांचं बोलून झालं आणि एकदम माझीच पाळी आली, मध्ये कुणी नव्हतं. मी यंदाच्या पुस्तकांबद्दल काही बोलले नाही. गेल्या वर्षीची कादंबरी बाहेर काढली, ती चार पानं उघडली आणि सांगितलं की हे ठिपके मी भाऊंना हसं करायला दिले होते. दर वर्षीच्या त्यांच्या मतांखालीही माझे ठिपके होते, तेही सांगितलं. ते सांगताना बरं वाटेल असं वाटलं होतं, ते काही वाटलं नाही. मग तुम्ही जे बोलला होतात ते, आठवेल तसं, तुमच्याच शब्दांत सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. कंपाउंडरनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला.

"आणि तुमचं मत, बाई?" पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं.

"भाऊंनी म्हटलं तेच," मी म्हटलं आणि खाली बसले.

घरी आले तर सासूबाई चुलीपाशी होत्या. मी म्हटलं, पिशवी जुन्नरला त्यांच्या मुलीकडे पोचवायला हवी. त्यांनी खुंटीकडे बघितलं. "कशापायी?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तितंच. त्येंनी इसरलीया न्हवं?" आणि आदनात गूळ टाकला, जरा जास्तच टाकला.

पिशवी खुंटीवरच आहे, भाऊ. ती मी आता कुणाच्याही हाती धाडणार नाही. न्यायला तुम्हीच या.